काळ्या ट्रंकेची किल्ली
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलावयास उभे राहण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, चहाची आधणे ठेवली, संक्रांतीला तिळगुळाच्या पुड्या बांधल्या. पण भाषण कधी केले नाही. चिटणीसबाई घरी आल्या आणि "या वर्षी तुम्ही बोला" म्हणाल्या, तेव्हा मी विचारले, "मी सातवी शिकलेली बाई, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "गावातल्या अकरा बायकांचे दवाखान्याचे कागद तुम्ही पुरे करून दिलेत. तेच कसे केलेत ते सांगा." म्हणून तेच सांगणार आहे. विषय रुक्ष आहे. पण ज्या घरावर प्रसंग येतो, त्या घराला तो रुक्ष वाटत नाही.

आपला सातारा जिल्हा सैनिकांचा. अपशिंगे गावाला सारे जण 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आपल्या या सभेतही ज्यांच्या घरातून कोणी फौजेत गेले नाही अशा बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील. आणि अशा प्रत्येक घरात एक वस्तू हमखास असते. ती म्हणजे काळी लोखंडी ट्रंक, वर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली. तीत काय असते? जुना गणवेश, पदके, डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, बँकेची पुस्तके. घरातली बाई त्या ट्रंकेवर अंथरुणाची चळत रचते, सणासुदीला तिची धूळ पुसते. पण ती उघडत नाही. किल्ली घरच्या कर्त्या पुरुषाच्या करगोट्याला नाहीतर पाकिटात. आमच्या घरीही तेच होते. त्याची किंमत आम्ही कशी मोजली, ते आधी सांगते.

आमचे यजमान हवालदार होऊन निवृत्त झाले आणि पुष्कळ माजी सैनिक करतात तसे पुण्यास एका कारखान्यावर रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून लागले. मुलगा फौजेत, सीमेवर. घरी मी आणि सासूबाई. २०१६ सालच्या श्रावणात एका रात्री माझ्या पोटात असे दुखू लागले, की उभे राहवेना. आधी ओवा झाला, मग हिंग झाला. पहाटे तीन वाजता धाकट्या दिरांनी शेजारची जीप काढली आणि जो दवाखाना आधी लागला तेथे मला नेले. आतड्याचे अपेंडिक्स फुटले होते. सकाळ व्हायच्या आत शस्त्रक्रिया झाली. त्या डॉक्टरांच्या हाताला यश होते म्हणून आज मी तुमच्यापुढे उभी आहे.

दवाखाना खाजगी होता. दिरांनी अनामत भरली, उरलेल्या पैशांसाठी माझ्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या. नऊ दिवसांनी घरी आले तेव्हा खर्च १,१४,००० रुपये झाला होता. तोवर कोणाच्या ध्यानातही आले नव्हते, की याच आजारपणासाठी यजमानांनी सरकारकडे वर्गणी भरून ठेवली आहे, आणि माझ्या नावाचे कार्ड त्या काळ्या ट्रंकेत पडून आहे. यजमान दुसऱ्या दिवशी दुपारी आले, पण तेही गोंधळून गेलेले. तहान लागल्यावर विहीर खणावी, तशी ती ट्रंक आम्ही मी घरी परतल्यावर उघडली.

आता ही योजना काय आहे, ते थोडक्यात सांगते. १ एप्रिल २००३ पासून भारत सरकारच्या संरक्षण खात्याने माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. तिला सगळे ई.सी.एच.एस. म्हणतात. बाजारातला विमा दर वर्षी हप्ता मागतो, वय विचारतो, जुना आजार असेल तर मोडता घालतो. येथे तसे नाही. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी द्यायची. २०१७ अखेरच्या आदेशाप्रमाणे शिपायापासून हवालदारापर्यंत ती ३०,००० रुपये होती. मग पती-पत्नी दोघांनाही जन्मभर उपचार. वयाची अट नाही, जुन्या आजाराची आडकाठी नाही. त्या तारखेनंतर जे पेन्शनवर आले त्यांना सदस्यत्व सक्तीचे आहे. त्याआधी निवृत्त झालेल्यांना ते ऐच्छिक होते, आणि १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना व वीरपत्नींना तर वर्गणीही माफ आहे. तरी आपल्या गावात अशा म्हाताऱ्या विधवा आहेत, ज्यांनी अजून अर्जच केलेला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

घरातले कोण कोण यात येते, याबद्दलही पुष्कळ गैरसमज आहेत. पत्नी येते. मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याआधी कमावता झाला वा त्याचे लग्न झाले तर तोपर्यंत. मुलगा कायमचा अपंग असेल तर त्याला वयाची अट नाही. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत; तिलाही वयाची अट नाही. आईवडिलांचे मासिक उत्पन्न ९,००० रुपये व त्यावरील महागाई भत्ता यांच्या आत असेल आणि ते मुलावर अवलंबून असतील तर तेही येतात. सून आणि नातवंडे मात्र येत नाहीत. ज्यांचे पती वा मुलगे अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठी ही योजना नव्हे. त्यांच्या बायकामुलांवर मिलिटरी हॉस्पिटलात उपचार होतात, आणि त्यासाठी त्यांचे वेगळे कार्ड असते. माझी सून बाळंतपणास पुण्याला गेली ती त्या कार्डावर.

आता पुन्हा माझ्या कागदांकडे वळते. आम्ही बिले गोळा केली आणि पॉलिक्लिनिकात मागणी दाखल केली. तीन आठवड्यांनी कागद परत आले. पहिली हरकत अशी, की पॅनेलबाहेरच्या दवाखान्यात तातडीने दाखल झाल्यास ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. आम्ही कळवले नव्हते. दुसरी हरकत, औषधांच्या काही पावत्या मूळ नसून झेरॉक्स होत्या. आणि तिसरी हरकत वाचून मी खालीच बसले. कार्डावरची बाई आणि दवाखान्यात दाखल झालेली बाई एक नाही, असा तिचा अर्थ होता.

भगिनींनो, याचे कारण आपणा सर्वांच्या घरात आहे. लग्नात माझ्या सासरी, ताटात तांदूळ पसरून त्यात सोन्याच्या अंगठीने माझे नवे नाव लिहिले. गाव मला त्याच नावाने हाक मारतो. रेशनकार्डावर तेच, आधारकार्डावर तेच. पण लग्न झाल्यावर यजमानांनी पलटणीत जी नोंद करून घेतली, ज्याला फौजेत पार्ट टू ऑर्डर म्हणतात, तीत माझ्या शाळेच्या दाखल्यावरून माहेरचे नाव लागले. ते नाव रेकॉर्ड ऑफिसात गेले, तेथून पेन्शनच्या कागदावर आले, आणि तेथून कार्डावर. बत्तीस वर्षे मी दोन नावांनी राहिले आणि ते मला कोणी सांगितले नाही. दवाखान्याने आधारकार्ड पाहून नाव लिहिले. त्यांचे चुकले नाही. हरकत घेणाऱ्या कारकुनाचेही चुकले नाही. चूक आमच्या घरची.

यजमान स्वभावाने मानी होते. ते म्हणाले, "जाऊ दे ते पैसे. दारोदार हात पसरायला मला जमणार नाही." मी त्यांना एवढेच म्हटले, "आपण वर्गणी भरली आहे. हे मागणे भिक्षेचे नाही, हक्काचे आहे. आणि पाटल्या माझ्या आहेत." त्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मग आम्ही दोघे बसलो. फुटलेल्या अपेंडिक्सला वेळ नव्हता असा तातडीचा दाखला डॉक्टरांकडून घेतला. उशिरा का कळवले ते खरेखरे लिहून दिले. हरवलेल्या पावत्यांच्या नकला दवाखान्याकडून शिक्क्यासह आणल्या आणि मूळ हरवल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले. दोन्ही नावांची बाई एकच, असे दुसरे प्रतिज्ञापत्र केले. सात महिन्यांनी बँकेत ६३,००० रुपये जमा झाले. सगळे का नाही? कारण पैसे परत मिळतात ते केंद्र सरकारने ठरवलेल्या सी.जी.एच.एस. च्या दराने, दवाखान्याच्या बिलाप्रमाणे नव्हे. तरी पाटल्या सुटल्या. उशीर माफ झाला हे आमचे दैव. तो दर वेळी माफ होतोच असे समजू नका.

या सात महिन्यांत जे शिकले ते आता क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, कार्ड. प्रत्येकीचे कार्ड कोठे आहे ते तिला स्वतःला माहीत असावे. त्याचा फोटो आपल्या, मुलाच्या आणि शेजारच्या एका विश्वासू माणसाच्या मोबाईलमध्ये असावा. पॉलिक्लिनिकचा नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा.

दुसरी गोष्ट, नाव. आज घरी गेल्यावर चार कागद शेजारी शेजारी ठेवा: कार्ड, आधार, बँकेचे पुस्तक आणि पेन्शनचा कागद. नाव आणि जन्मतारीख चारही ठिकाणी एक आहे का ते पाहा. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्ती कशी पाठवायची आणि कोणते प्रतिज्ञापत्र लागेल ते तेथे सांगतात. हे काम नवरा हयात असताना करावे. त्याची एक सही जे काम करते, त्यासाठी पुढे दहा कागद लागतात.

तिसरी गोष्ट, साधा आजार. सांधेदुखी, साखर, रक्तदाब, मोतीबिंदू यांसाठी आधी पॉलिक्लिनिकातच जावे. तेथले डॉक्टर गरज पाहून मोठ्या दवाखान्यासाठी रेफरल लिहून देतात. ती चिठ्ठी घेऊन पॅनेलवरच्या दवाखान्यात गेल्यास पैसे भरावे लागत नाहीत. बिल तो दवाखाना परस्पर सरकारकडे पाठवतो. चिठ्ठीवर तारीख असते आणि तिला मुदत असते, ती विचारून घ्यावी. चिठ्ठीत एक आजार लिहिलेला असताना दुसऱ्याचे उपचार करून घेऊ नयेत. खोलीही हुद्द्याप्रमाणे ठरलेली आहे. हवालदारापर्यंतच्या कुटुंबास सामान्य कक्ष, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांस निमखाजगी, अधिकाऱ्यांस खाजगी. हौसेने वरची खोली घेतली तर फरक आपल्या पदरचा. औषध पॉलिक्लिनिकात नसेल तर तशी नोंद करून घ्यावी. त्या नोंदीवाचून बाहेरून आणलेल्या औषधाचे पैसे मागता येत नाहीत.

चौथी गोष्ट, तातडीचा प्रसंग. जिवावर बेतले असता रेफरल शोधत बसू नये. जवळात जवळ जो दवाखाना असेल तेथे जावे. तो पॅनेलवरचा असेल तर दारातच कार्ड दाखवावे, म्हणजे पुढची खबर ते देतात. पॅनेलबाहेरचा असेल तर ४८ तासांच्या आत आपल्यापैकी कोणीतरी पॉलिक्लिनिकला कळवलेच पाहिजे. ज्याने फोन केला त्याने तारीख, वेळ आणि ज्याच्याशी बोलणे झाले त्याचे नाव वहीत लिहून ठेवावे. धोका टळल्यावर रोग्यास पॅनेलच्या दवाखान्यात हलवावे की कसे, हेही त्याच फोनवर विचारावे. रोग्याजवळ बसणारी माणसे पुष्कळ असतात. त्यांतल्या एकाला नुसते "तू कागद पाहा" म्हणून नेमून द्यावे. आम्ही नऊ दिवसांत नारळपाणी आणायला तीन माणसे नेमली होती आणि फोन करायला एकही नाही!

पाचवी गोष्ट, दवाखान्यातून निघतानाची. डिस्चार्ज कार्ड, सविस्तर बिल, पैसे भरल्याची प्रत्येक पावती, औषधांची बिले व त्यांच्या चिठ्ठ्या, सगळ्या तपासण्यांचे कागद आणि तातडीचा दाखला एवढे हातात पडल्याशिवाय गाडीत बसू नये. कागदांवर डॉक्टरांची सही आणि शिक्का आहे का, नाव कार्डाप्रमाणे आहे का, ते तेथेच पाहावे. बिलात नुसते 'औषधे' आणि एक मोठा आकडा लिहिलेला असेल तर त्याची फोड मागावी. मग सगळ्याच्या दोन नकला काढाव्यात, मूळ कागद मागणीला जोडावेत आणि जमा केल्याची पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय मूळ कागद कोणाच्या हाती देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो. कोऱ्या कागदावर सही तर कधीच करू नये.

सहावी गोष्ट, हरकत. कागद परत आले म्हणजे नकार आला, असे समजून कितीतरी बायका ते ट्रंकेत टाकून देतात. हरकत म्हणजे नकार नव्हे. हरकत म्हणजे प्रश्न, आणि प्रश्नाला उत्तर असते. एकेक हरकत वाचावी, न कळल्यास वाचून घ्यावी, आणि जेवढे विचारले तेवढ्याचे लेखी उत्तर खऱ्या शब्दांत द्यावे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे खरे. पण न दिलेल्या उत्तराला सहा वर्षेही पुरत नाहीत.

आणखी एक कडू बोल बोलते. आपले कार्ड भावजयीला, जावेला, शेजारणीला वापरावयास देऊ नये. मन मोडवत नाही, हे मला कळते. पण तो गुन्हा आहे. त्यापायी सगळ्या घराचे सदस्यत्व जाऊ शकते.

शेवटची गोष्ट आपल्यातल्या ज्यांचे कुंकू पुसले आहे त्यांच्यासाठी, आणि मीही आता त्यांच्यातलीच आहे. पती गेल्यावर आपला हक्क जात नाही. कुटुंब पेन्शन घेणारी विधवा स्वतः या योजनेची मुख्य सदस्य होते. फक्त तसे कळवून कार्ड बदलून घ्यावे लागते. पतीच्या शेवटच्या आजारपणाचा खर्चही मागता येतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची नाहरकत जोडावी लागते. दुःखाच्या दिवसांत हे कागद हातात धरवत नाहीत. म्हणून मुलगा नसेल तर मंडळातल्या कोणाही बाईने तिच्याबरोबर जावे.

आमच्या नावाची दुरुस्ती २०१७ साली पुरी झाली. यजमान तेव्हा हसून म्हणाले होते, "बत्तीस वर्षांनी तुझ्याशी कागदावर लग्न लागले." २०२१ साली ते गेले. त्यांच्या मागे माझी पेन्शन कोणत्याही हरकतीशिवाय सुरू झाली, कार्डही बदलून मिळाले. त्याच वर्षी आपल्याच आळीतली एक भगिनी माझ्यासारखीच दोन नावांची असल्यामुळे अकरा महिने पेन्शनवाचून राहिली. घरात दोन मुली, आणि हाती दुसऱ्याच्या मळ्यातली खुरपणी. तिच्यात आणि माझ्यात फरक हुशारीचा नव्हता. माझे अपेंडिक्स वेळेवर फुटले, एवढाच फरक! तिचे कागद पुरे करायला मी बसले, ते पहिले. पुढे दहा झाले.

म्हणून मंडळापुढे माझी एक विनंती आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी भजनाआधी एक तास आपण कागदांना द्यावा. ज्या मुली शिकलेल्या आहेत त्यांनी वाचून दाखवावे, आम्ही म्हाताऱ्यांनी वाट दाखवावी. एक वही ठेवावी. कोणाच्या घरी कोणते कार्ड, कोणाचे नाव जुळत नाही, कोणाची मागणी कोठवर आली, ते तीत लिहावे. पैसा लागणार नाही. लाज तेवढी सोडावी लागेल.

रणांगणावर आपली माणसे गेली तेव्हा आपल्याला कोणी विचारून नेली नाहीत. आपण मागे राहिलो, शेते राखली, म्हातारी माणसे सांभाळली. त्या सेवेच्या बदल्यात जे घराला मिळाले आहे, ते नीट राखणे हेही आपलेच काम. आज घरी गेल्यावर अंथरुणाची चळत खाली उतरवा, आणि किल्ली मागून घ्या. यजमान का म्हणून विचारतील. सांगा, मंडळात ठराव झाला आहे.